वेगळी खोली

माळ्यावरून खोकला आला तेव्हा टेपचं एक टोक माझ्या हातात होतं आणि दुसरं पट्टणकुडे साहेबांच्या. साहेब दाराच्या चौकटीपाशी वाकून आकडा वाचत होते. "दहा फूट दोन इंच," असं म्हणून त्यांनी मान वर केली.

"कोण खोकलं?"

"मीच की सायेब," हौसाबाई म्हणाली आणि पदर तोंडाला लावून तिने लगेच दोनदा खोकून दाखवलं. "तमाकूनं घसा धरलाय."

खोकला तिचा नव्हता. तो कोणाचा हे तिला ठाऊक होतं, भिंतीला टेकून उभ्या असलेल्या तिच्या मुलाला, मारुतीला, ठाऊक होतं आणि आता मलाही कळलं होतं. त्या दहा बाय नऊच्या खोलीत अंधारात होते ते एकटे साहेब. त्यांनी टेप सैल सोडली आणि मला म्हणाले, "सिस्टर, आता रुंदी."

मी टोक धरून दुसऱ्या भिंतीकडे निघाले. तीन पावलांची वाट, पण वर न बघता ती चालायची मला भीती वाटत होती. आज त्याला बत्तीस वर्षं झाली. मी सुपरवायझर होऊन निवृत्तही झाले. तरी ती तीन पावलं मी विसरलेले नाही.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि यंत्रमागांच्या आमच्या गावात नगरपालिकेच्या दवाखान्यात कंत्राटी नर्स होते. दर अकरा महिन्यांनी कंत्राट संपायचं, एक दिवस घरी बसायचं आणि वरच्यांची मर्जी असली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर व्हायचं. तो एक दिवस मला वर्षभर डोळ्यांसमोर दिसायचा.

त्या वर्षी नगरपालिकेने कांडीगल्लीतल्या लोकांना पक्की घरं बांधून द्यायचं ठरवलं होतं. कांडीगल्ली म्हणजे सूतगिरणीमागे ओढ्याकाठी दाटीने बसलेल्या दोनशे पत्र्याच्या खोल्या. तिथल्या बायका मागांसाठी सुताच्या कांड्या भरायच्या, म्हणून हे नाव. कावीळ, गॅस्ट्रो, टीबी, काहीही आलं की गावात आधी तिथे यायचं आणि जाताना सगळ्यांत शेवटी तिथून जायचं. नवे मुख्याधिकारी आले होते. आजारपण आणि घर या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत, असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्यांनी दोन विभागांचं मिळून एकच सर्वेक्षण काढलं. बांधकाम विभागाने घर मोजायचं, आरोग्य विभागाने माणसं, आणि फॉर्म एकच. कल्पना चांगली होती. हे मी टोमणा म्हणून सांगत नाही.

त्या फॉर्ममध्ये अकरावा रकाना होता. 'कुटुंबात दीर्घ आजारी व्यक्ती आहे काय? असल्यास आजाराचे नाव.' तो भरायचं काम माझं. तो कशासाठी आहे हे मला कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही, कारण कंत्राटी माणसाने प्रश्न विचारायचे नसतात अशी माझी समजूत होती. गल्लीने मात्र पहिल्याच दिवशी त्याचा अर्थ लावून टाकला. नव्या इमारतीत भिंतीला भिंत लागून घरं, तिथे टीबीवाले घेणार नाहीत, म्हणून आधीच नावं गोळा करतायत. मलाही ते खरं वाटलं. सरकारी रकान्यातून कोणाचं भलं झालेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

आणि वर जी खोकत होती ती माझ्या रजिस्टरातली होती. वैजंता मोरबाळे, वय तेवीस, मारुतीची बायको. फेब्रुवारीत तिच्या थुंकीत टीबीचे जंतू सापडले. मांडीवर सहा महिन्यांची मुलगी होती. मी तिचं कार्ड काढलं, गोळ्या सुरू केल्या, नेहमीच्या पाच सूचना म्हणून दाखवल्या आणि पुढचा नंबर पुकारला. मार्चमध्ये ती यायची बंद झाली. तिच्याऐवजी सासू यायला लागली. "पोरीला चालवत न्हाई बाई, द्या की माज्याकडं," म्हणायची.

नियम असा होता की गोळी रुग्णाने नर्ससमोर गिळायची. मी हौसाबाईच्या हातात पाकिटं देत गेले आणि कार्डावर 'समोर घेतली' अशा खुणा करत गेले. नऊ आठवडे. कांडीगल्ली दवाखान्यापासून वीस मिनिटांवर होती आणि मी एकदाही जाऊन बघितलं नाही.

सकाळी आम्ही दारात आलो तेव्हा हौसाबाईने आधीच सांगून टाकलं होतं, "वैजंता म्हायेरी गेलीया." मला हायसं वाटलं होतं. आता तिचा खोकला डोक्यावरून येत होता आणि माझ्या हातातल्या फायलीत ते खोटं कार्ड होतं.

त्या दिवशी मागांना सुट्टी होती. सगळी माणसं घरी सापडावीत म्हणून सर्वेक्षण सुट्टीच्या वारी ठेवलं होतं. एरवी त्या गल्लीत खटखटीमुळे शेजारी उभ्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं. आज सगळं ऐकू येत होतं.

खोलीच्या मागच्या अर्ध्या भागावर फळ्यांचा माळा होता. फळ्यांपासून जेमतेम दोन हातांवर पत्रा. माळ्याच्या तोंडाला जुनी साडी आडवी लावलेली. वर जायला शिडी कुठे दिसेना. मग मला आठवलं की आत येताना गटारीवर आडवी पडलेली एक शिडी मी ओलांडून आले होते. शिडी घरात नाही म्हणजे वर माणूस असायचं कारण नाही, असा तो बंदोबस्त होता. वरच्या माणसाने खाली कसं यायचं, याचा विचार त्यात नव्हता.

मे महिना. अकरा वाजून गेले होते.

"कुटुंबप्रमुख?" साहेबांनी फॉर्म मांडीवर घेतला. ते हौसाबाईने पुसून दिलेल्या डब्यावर रुमाल पसरून बसले होते. पट्टणकुडे साहेब बांधकाम विभागात ओव्हरसियर होते. इस्त्रीची पॅन्ट, खिशात वेलदोडा, वस्तीतल्या कुठल्याही घरी पाणी घ्यायचे नाहीत. काम मात्र चोख आणि हळू. एकेक अक्षर कोरल्यासारखं लिहायचे.

"मारुती ज्योती मोरबाळे," मारुती म्हणाला.

"बायको?"

"म्हायेरी."

"कशाला?"

"भनीचं लगीन हाय," मारुती म्हणाला आणि त्याच क्षणी हौसाबाई म्हणाली, "भावाचं लगीन हाय."

साहेबांनी चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं.

"दोगांचंबी हाय सायेब," हौसाबाई म्हणाली. "एकाच मांडवात काडलंय. खर्च वाचतोय."

एरवी मला हसू आलं असतं. साहेबांनी 'माहेरी' असं लिहिलं. वरून पुन्हा खोकला आला, या वेळी दबलेला, तोंडावर काहीतरी धरल्यासारखा. हौसाबाईने लगेच त्याच्यावर आपला खोकला घातला. तिच्या मांडीवर वैजंताची मुलगी होती. ती ना साहेबांकडे बघत होती, ना माझ्याकडे. तिची मान सारखी वर, त्या साडीकडे. हौसाबाई तिची हनुवटी धरून खाली वळवायची, ती पुन्हा वर बघायची.

"सिस्टर, अकरा तुमचा," साहेबांनी फॉर्म माझ्याकडे दिला.

मी पेन हातात घेतलं. मारुती भिंतीपासून एक पाऊल पुढे आला. हौसाबाईने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत धमकी असती तर मला बरं वाटलं असतं. ती हात जोडल्यासारखी बघत होती. तीस वर्षं ती ओढ्याच्या काठी पावसाळ्यात गुडघाभर पाण्यात झोपली होती आणि घर आता एका रकान्यावर आलं होतं. आणि 'होय' लिहिलं की वैजंताचं कार्ड निघणार, कार्डावरच्या खुणा निघणार. खोटं का बोलू, मला हौसाबाईच्या घरापेक्षा माझ्या त्या खुणांची भीती जास्त वाटली.

मी 'नाही' लिहिलं.

मारुती पुन्हा भिंतीला टेकला. वरून काहीतरी आपटलं. मग फळ्यांवरून तांब्या घरंगळत गेल्याचा आवाज आला, सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"वर काय आहे?" साहेब म्हणाले.

"उंदरं हायत."

"दिवसाढवळ्या?"

"आमच्यातली उंदरं पाळी बदलून येत्यात सायेब. दिसपाळी, रातपाळी."

साहेब हसले नाहीत, पण उठलेही नाहीत. ते खिशात वेलदोडा शोधत होते. तेवढ्यात दोन फळ्यांच्या फटीतून पाणी ठिबकलं आणि माझ्या मनगटावर पडलं. मी हात मागे घेतला. पाणी गरम होतं. अंघोळीला काढतो तसं कढत. प्यायला म्हणून तिच्या उशाशी ठेवलेलं पाणी त्या पत्र्याखाली इतकं तापलं होतं.

मी ते मनगट दुसऱ्या हाताने झाकलं. का झाकलं ते माहीत नाही. कोणी बघेल म्हणून असेल.

"चला, फोटो," साहेब म्हणाले. दारासमोर सगळं कुटुंब उभं करायचं, हातात घर नंबर लिहिलेली पाटी द्यायची आणि फोटो घ्यायचा, हा शेवटचा भाग होता. सगळे बाहेर आले. हौसाबाईने मलाही दंडाला धरून बाहेर आणलं. "बाई, तुमीबी चला की," म्हणाली. तिचा हात थंडगार होता.

बाहेर साहेबांनी कॅमेरा डोळ्याला लावला, खाली घेतला आणि म्हणाले, "रीळ संपलं." मग ते समोरच्या घराच्या सावलीत गेले आणि नवीन रीळ भरायला लागले. तेही कोरून लिहिल्यासारखंच. डबी उघडली, पट्टी ओढली, पुन्हा आत सारली. मी गटारीजवळ उभी होते. शिडी माझ्या पायापाशी होती.

मी ऐकत होते. आत असताना तो खोकला थांबावा म्हणून मी मनातल्या मनात देवाला विनवत होते. आता तो थांबला होता. मी शंभरपर्यंत मोजलं. पुन्हा एकपासून सुरू केलं. शेजारच्या घरातलं भांड्याला भांडं लागलेलं ऐकू आलं, ओढ्यापलीकडचं कुत्रं ऐकू आलं, माळ्यावरून काहीच नाही.

"मावशी," मी हळूच म्हटलं, "ती खोकत नाहीये."

"झोपली आसल."

"पाणी कढत होतं. माझ्या हातावर पडलं."

हौसाबाईने नात एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतली. तिचे ओठ हलत होते. मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाई, अर्दा घटका. सायेब जाऊ द्यात. घर जाईल वो."

साहेबांनी रीळ भरलं. "हं, उभे राहा." हौसाबाई आणि मारुती दारासमोर उभे राहिले. पाटी मारुतीच्या हातात. साहेब एक पाऊल मागे गेले, पुन्हा पुढे आले, ऊन कुठून येतंय ते बघायला लागले.

नोकरी, कार्ड, मारुतीचे ते दणकट हात, जमलेली गल्ली, सगळ्यांची भीती वाटत होती. त्या सगळ्याच्या वर ती शांतता.

"साहेब, वर माणूस आहे," मी म्हटलं.

"काय?" त्यांना ऐकू गेलं नव्हतं.

एकदा बोलायचं धैर्य मी कसंबसं गोळा केलं होतं, आता तेच पुन्हा गोळा करायची वेळ आली. "माळ्यावर वैजंता आहे. त्यांची सून. तिला टीबी आहे. मी खोटं लिहिलं."

मी शिडीला हात घातला. मारुतीने पाटी टाकली आणि शिडीवर पाय ठेवला. त्याचा पाय माझ्या बोटांपासून चार इंचांवर होता. "शिडीला हात लावायचा न्हाई," तो म्हणाला. आवाज चढवला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली. "घर गेलं तर तुमी देनार हाय काय?"

गल्लीतली माणसं दारादारांत उभी राहिली होती. कोणी पुढे आलं नाही. मी शिडी ओढत होते आणि ती हलत नव्हती.

"पाय काड, मारुत्या," हौसाबाई म्हणाली.

"आये, घर..."

"पाय काड म्हन्ते न्हवं. वरनं आवाज न्हाई. मगापासनं न्हाई."

त्याने पाय काढला. मग शिडी त्यानेच उचलली, पण दारात आल्यावर ती त्याला वळवताच येईना, चौकटीला आपटत राहिली. ती आत नेऊन माळ्याला लावली ती पट्टणकुडे साहेबांनी. आणि आधी चढलेही तेच, इस्त्रीच्या पॅन्टसकट. साडी बाजूला झाली. ते कमरेपर्यंत आत गेले आणि थांबले.

"साहेब?"

"सिस्टर, वर या." त्यांचा आवाज बदलला होता.

ते खाली उतरले, मी चढले. माळ्यावर डोकं गेलं आणि तोंडावर वाफ बसली. भट्टीचं दार उघडल्यावर बसते तशी. वैजंता भिंतीकडे तोंड करून गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. खोकला ऐकू जाऊ नये म्हणून तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला होता आणि तो तसाच आत होता. मी तो ओढून काढला. त्याला रक्त होतं. अंग भाजत होतं आणि घामाचा थेंब नव्हता. नाडी मला आधी सापडलीच नाही. मी दुसऱ्यांदा शोधली, तिसऱ्यांदा शोधली. मग सापडली, बारीक आणि पळत असलेली.

"आहे," मी खाली ओरडले. "आहे. साडी द्या, चादर द्या, काहीतरी द्या."

चादरीची झोळी करून आम्ही तिला उतरवलं. त्या धांदलीतही माळ्यावरच्या वस्तू माझ्या नजरेला पडल्या. कंगवा, हाताएवढा आरसा, ताट-वाटी, खिळ्याला अडकवलेलं बाळाचं झबलं, पत्र्याच्या कैचीत खोचलेली गोळ्यांची रिकामी पाकिटं, एकावर एक, नीट. तेव्हा मी त्यावर काही विचार केला नाही.

रिक्षा साहेबांनी आणली. दवाखान्यात सलाइन लागलं, ओल्या चादरी घातल्या, बर्फ आणला. डॉक्टरांनी तपासता तपासता मला विचारलं, "पेशंट तुमची ना? शेवटची कधी बघितलीत?"

साहेब माझ्या मागेच उभे होते.

"नऊ आठवड्यांपूर्वी," मी म्हटलं.

डॉक्टरांनी कार्ड मागून घेतलं आणि त्यावरच्या माझ्या निळ्या खुणा वरपासून खालपर्यंत बघितल्या.

बाहेर व्हरांड्यात साहेबांनी फाइल उघडली. माझा 'नाही' त्यांनी एका रेघेने खोडला, 'होय, क्षयरोग' लिहिलं आणि बाजूला सही केली. मला म्हणाले, "इथे तुमचीही सही करा."

मी सही केली. "यांचं घर गेलं ना साहेब?"

"का जाईल?"

"टीबी आहे म्हणून. तो रकाना..."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी परक्या भाषेत बोलले होते. फायलीच्या तळातून त्यांनी एक कागद काढला. मुख्याधिकाऱ्यांचं परिपत्रक. ज्या घरात दीर्घ आजारी माणूस असेल त्या कुटुंबाला पहिल्या इमारतीत आणि तळमजल्यावर घर द्यावं, खिडक्या दोन्ही बाजूंना असाव्यात. अकरावा रकाना त्यासाठी होता.

"मला वाटलं तुमच्या विभागाला माहीत आहे," साहेब म्हणाले. "तुम्हीच भरत होता की."

दोनशे घरांपैकी एकशे चाळीस घरं तोवर मोजून झाली होती. तेवढ्यांत मी अकराव्या रकान्यात किती वेळा 'नाही' लिहिलं होतं ते मला तिथे उभ्या उभ्या आठवायला लागलं. लोक सांगतील ते लिहायचं, पिवळे डोळे दिसले तरी, पायाची सूज दिसली तरी. मी व्हरांड्याच्या कठड्यावर बसले.

हौसाबाई थोड्या अंतरावर भिंतीला पाठ लावून खाली बसली होती. मी तिच्याजवळ जाऊन सगळं सांगितलं. घर जाणार नाही. उलट आधी मिळेल. तिला आनंद होईल असं मला वाटलं होतं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "पोरगी वाचंल न्हवं?"

"डॉक्टर म्हणतात, अर्धा तास उशीर झाला असता तर अवघड होतं. वाचेल." मग मला राग आला. भीती ओसरली की मला राग येतो, हा माझा स्वभाव. "पण मावशी, तिला त्या भट्टीत घालवलंच कसं तुम्हाला? सकाळपासून ती तिथे होती."

"सकाळपासनं?" हौसाबाई म्हणाली. "बाई, ती दोन म्हयनं वरच हाय."

मला कळलंच नाही.

"तुमीच म्हनला न्हवं, पयल्या दिशी? रुग्णाला येगळ्या खोलीत ठेवा. बाळाला जवळ दिऊ नगा. म्या इचारलंबी हुतं, येगळ्या म्हंजे? तुमी म्हनला, येगळ्या म्हंजे येगळ्या, पुडं या." ती रागाने बोलत नव्हती. मी दिलेला हिशोब बरोबर सांगतेय ना, असं बघत होती. "आमाला कुटली आली दुसरी खोली? वरच जागा हुती. मारुतीनं फळ्या नव्या घातल्या. ती म्हनली, मी ऱ्हाते वर, पोरीला काय व्हायला नगं. रात्री पोरगी रडाय लागली की वरनं हात खाली सोडायची. शिडी तेवडी आज काडली."

कंगवा, आरसा, ताट-वाटी, झबलं. ते सगळं आता माझ्यासमोर येऊन उभं राहिलं. पाच सूचनांतली ती दुसरी सूचना. ती छापील होती आणि मला तोंडपाठ होती. 'रुग्णाला वेगळ्या, हवेशीर खोलीत ठेवावे.' कांडीगल्लीत एकाही घराला दुसरी खोली नाही हे मला ठाऊक होतं आणि गेली दोन वर्षं मी ते वाक्य त्या गल्लीत रोज म्हणत होते. किती घरांनी ते एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून दिलं असेल. मोरबाळ्यांनी मात्र पाळलं.

मला मेमो आला. तो साहेबांनी लिहिलेल्या अहवालावरूनच आला. ते जे बघतील ते लिहायचे, आणि याबद्दल मी त्यांच्यावर कधी चिडले नाही. माझं कंत्राट संपलं, पुढचं चार महिने झालं नाही, आणि मग दुसरी नर्स मिळेना म्हणून पुन्हा झालं. त्याआधीच साहेबांनी आणि मी ती एकशे चाळीस घरं पुन्हा मोजली होती. मला त्याबद्दल कोणी पगार दिला नाही आणि मी मागितला नाही. या खेपेला दारात उभं राहून मी आधी परिपत्रक वाचून दाखवायचे. अकराव्या रकान्यात एकोणतीस 'होय' निघाले.

वैजंताचा कोर्स पूर्ण झाला. दीड वर्षाने इमारत उभी राहिली. मोरबाळ्यांना तळमजल्यावर तीन नंबरचं घर मिळालं. चाव्या दिल्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी मी तिकडे फेरी मारली. दार वैजंतानेच उघडलं. अंग भरलं होतं, केस पुन्हा दाट झाले होते. "या की बाई," म्हणाली आणि चहाला आधण ठेवलं. हौसाबाईने मला घर दाखवलं. बाहेरची खोली, स्वयंपाकाची जागा, नळ. आणि आत आणखी एक खोली, दोन्ही बाजूंना खिडक्या असलेली, वारा आरपार जाणारी. तिथे कोणाचं अंथरूण नव्हतं. चार डबे, एक पेटी आणि मारुतीची सायकल होती. अंथरुणं सगळी बाहेरच्या खोलीत एकावर एक रचलेली होती. चौघं तिथेच झोपायची, चिकटून.

मी चहा घेतला. वैजंताची मुलगी आता अडीच वर्षांची झाली होती, माझ्या पिशवीशी खेळत होती. खेळता खेळता तिला खोकला आला. शिंक, मग पुन्हा खोकला. नाक वाहत होतं. साधी सर्दी, कोणालाही कळली असती. पण तोंडाला लागलेली सवय. मी कप खाली ठेवला आणि सहज म्हणाले, "हिला दोन दिवस जरा वेगळं..."

वाक्य पुरं झालं नाही. वैजंताने झेप घेतल्यासारखं पोरीला उचललं आणि भिंतीपर्यंत मागे सरली. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी ओळखलं. त्या दिवशी टेपचं टोक धरून तीन पावलं चालताना ते माझ्या चेहऱ्यावर असणार. मी इतके दिवस धरून चालले होते की त्या घरात सगळ्यांत जास्त भ्यालेली मीच होते.

"नाही, तसं नाही म्हणायचं मला," मी म्हटलं. "सर्दी आहे फक्त. आण, छाती बघते."

हौसाबाईने वैजंताच्या पाठीवर हात ठेवून तिला माझ्यासमोर बसवलं. मी नळी लावली. छाती स्वच्छ होती. तपासून होईपर्यंत वैजंताने पोरीला मांडीवरून सोडलं नाही, आणि तिची नजर माझ्या हातावरून एकदाही हलली नाही.